स्कॅनर लावला, कोड आला, आता पुढं काय?

चेक इंजिनचा लाइट लागला की हल्ली बरेच जण काय करतात, तर एक छोटा ब्लूटूथवाला स्कॅनर मागवतात, मोबाईलवर अॅप टाकतात, कोड वाचतात, तो नेटवर शोधतात आणि वर्णनात ज्या पार्टचं नाव दिसेल तो बदलून मोकळे होतात. लाइट काही दिवस बंद राहतो आणि परत लागतो, मग पुढचा पार्ट. असे चांगले चालणारे दोन-तीन पार्ट काढून टाकल्यावर शेवटी कोणीतरी म्हणतं "ईसीयूच गेला असणार" आणि मग तो, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरही, बदलायचा विषय निघतो. हे मला खरंच बघवत नाही, कारण यातला बराचसा खर्च वाचू शकतो आणि त्यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही, स्कॅनर जे दाखवतो त्याचा अर्थ लावता आला की पुरे.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करून घ्या: कोड म्हणजे तक्रार, निकाल नाही. ईसीयूला काहीतरी खटकलं, त्यानं नोंद केली, एवढंच. कोणामुळं खटकलं ते तपासायचं काम आपलं.

या ईसीयूला इंजिन दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याला कळतात फक्त वायरींवरून येणारे सिग्नल. कूलंट टेम्परेचर सेन्सरचं बघा, म्हणजे सगळं लक्षात येईल. ईसीयू त्या सेन्सरला ५ व्होल्टचा सप्लाय देतो, सेन्सर थंड असला की त्याचा रेझिस्टन्स जास्त आणि गरम झाला की कमी, त्यामुळं लाइनवरचे व्होल्ट बदलतात आणि त्यावरून ईसीयू तापमान काढतो. आता वायर तुटली किंवा कनेक्टर निघाला तर काय होईल? लाइनवर पूर्ण ५ व्होल्ट राहतील आणि ईसीयूला वाटेल की सेन्सर प्रचंड थंड आहे, म्हणून स्कॅनरवर उणे ४० डिग्री दिसतं. उलट वायर बॉडीला लागून शॉर्ट झाली तर व्होल्ट शून्य, आणि स्कॅनर शंभराच्या पुष्कळ वरचा आकडा दाखवतो. (काही गाड्यांमध्ये कोड पडल्यावर ईसीयू स्वतःच एक ठरावीक आकडा धरतो आणि रेडिएटरचा फॅन सतत चालू ठेवतो, ते लक्षात असू द्या.)

पहिल्या प्रकारात कोड पडतो पी ०११८, दुसऱ्यात पी ०११७. दोन्हीच्या वर्णनात कूलंट सेन्सरचं नाव आहे, पण दोन्हीत सेन्सर अगदी ठणठणीत असू शकतो. तपासायचं कसं, तर उणे ४० दिसत असेल तेव्हा सेन्सरचा कनेक्टर काढा आणि कनेक्टरमधल्या दोन वायरी एका छोट्या वायरनं एकमेकींना जोडा. स्क्रीनवरचा आकडा एकदम वर गेला तर वायरिंग आणि ईसीयू दोन्ही बरोबर आहेत, सेन्सर बदला. आकडा उणे ४० वरच अडकून राहिला तर सेन्सर बदलून काहीच होणार नाही, वायर कुठंतरी तुटलीय. पाच मिनिटांचं काम आहे हे, आणि दोन वायरींच्या तापमान सेन्सरना सगळीकडं चालतं. बाकी सेन्सरच्या वायरी मात्र अशा डोळे झाकून जोडायच्या नाहीत, तिथं कुठली वायर कशाची आहे ते माहीत असल्याशिवाय हात लावायचा नाही.

कोडची रचना सोपी आहे. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चॅसी म्हणजे ब्रेक-स्टीअरिंगचा भाग, यू म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपापसातलं बोलणं. त्यापुढचा आकडा ० असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना सारखा, १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा, आणि इथंच लोक फसतात, कारण पी १ ने सुरू होणाऱ्या कोडचा अर्थ एका कंपनीत एक आणि दुसरीत भलताच असू शकतो, म्हणून तो गाडीच्या मॉडेलसकट शोधायचा. त्याच्या पुढचा आकडा भाग सांगतो, १ आणि २ इंधन-हवा, ३ इग्निशन आणि मिसफायर (सिलिंडरमधलं पेट्रोल नीट न पेटणं), ४ प्रदूषण कमी करणाऱ्या गोष्टी, ६ म्हणजे खुद्द कॉम्प्युटर आणि त्याची आउटपुट, ७ आणि ८ गिअरबॉक्स.

हे सगळं एकसारखं झालं ते ओबीडी-२ मुळं, म्हणजे गाडीतले दोष वाचायच्या सगळ्यांना सारख्या अशा ठरावीक पद्धतीमुळं. अमेरिकेत १९९६ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या कारना ते सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. त्याआधी प्रत्येक कंपनीचं सॉकेट वेगळं, कोड वेगळे, काही गाड्यांत तर सॉकेटच्या दोन पिन वायरीनं जोडून चेक इंजिनचा लाइट किती वेळा लुकलुकतो ते मोजावं लागायचं. आता १६ पिनचं सॉकेट स्टीअरिंगच्या आसपास डॅशबोर्डखाली सापडतं आणि साधा स्कॅनर कुठल्याही ओबीडी-२ गाडीला लागतो. पण एक ध्यानात ठेवा, ही पद्धत मुळात आली ती धुरावर लक्ष ठेवण्यासाठी. त्यामुळं सगळ्या कंपन्यांना सारखा असलेला भाग प्रदूषणाशी संबंधित गोष्टींपुरताच आहे, एअरबॅग, एबीएस वगैरे वाचायला साधा स्कॅनर बहुतेक वेळा पुरत नाही.

कोड वाचल्यावर हात शिवशिवतात ते क्लिअरचं बटण दाबायला. कृपा करून आधी थांबा. कोड उडवला की त्याच्यासोबत फ्रीझ फ्रेमही जाते, आणि माझ्या मते कोडपेक्षा तीच जास्त कामाची. फ्रीझ फ्रेम म्हणजे कोड पडला त्या क्षणाची नोंद: आरपीएम किती, स्पीड किती, इंजिन गरम होतं का थंड, लोड किती, फ्युएल ट्रिम (ती पुढं सांगतो) किती. समजा हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, असल्याचा पी ०१७१ कोड आहे, आणि फ्रीझ फ्रेममध्ये स्पीड शून्य, आरपीएम ७५० आहे, तर शोधायची दिशा वेगळी, आणि तोच कोड ताशी ९० च्या स्पीडला चढावर पडला असेल तर दिशा पूर्ण वेगळी. म्हणून पहिलं काम स्क्रीनशॉट, नाहीतर कागदावर लिहून घ्या, मग बाकीचं.

कोडचेही प्रकार असतात. पेंडिंग म्हणजे ईसीयूला एकदा खटकलंय, अजून खात्री नाही. बऱ्याचशा कोडना लाइट लावायच्या आधी दुसऱ्या फेरीतही तोच दोष दिसावा लागतो, मग तो कन्फर्म्ड होतो. म्हणून लाइट लागलेला नसतानाही पेंडिंग कोड बघायची सवय ठेवा, येऊ घातलेली भानगड तिथं आधी दिसते. तिसरा प्रकार पर्मनंट, हा साधारण २०१० नंतरच्या बऱ्याच गाड्यांत असतो आणि स्कॅनरनं उडतच नाही, दोष खरंच गेल्याची खात्री ईसीयूला स्वतःची चाचणी करून पटली की तोच काढतो. आणि लाइट नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल तर मात्र गाडी पळवू नका. याचा अर्थ मिसफायर इतका जोरात होतोय की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं पेटतंय आणि तो आतून वितळू शकतो. अशा वेळी अॅक्सिलरेटर सोडायचा, गाडी सावकाश बाजूला घ्यायची.

आता लाइव्ह डेटा, म्हणजे स्कॅनरवर त्या क्षणी दिसणारे सेन्सरचे आकडे. खरी मजा इथं आहे. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी स्टार्ट न करता नुसतं इग्निशन ऑन करून बघा. कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं पाहिजे, कारण दोन्ही रात्रभर एकाच जागी थंड झालेत. एक २२ आणि दुसरं ४५ दाखवत असेल तर एक सेन्सर खोटं बोलतोय, आणि अशा वेळी कोड पडलेला असेलच असं नाही, कारण ४५ हा आकडा ईसीयूच्या दृष्टीनं अशक्य नाही. त्याच अवस्थेत मॅप सेन्सर, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा, बाहेरच्या हवेइतका दाब दाखवतो, समुद्रसपाटीला साधारण १०० किलोपास्कल, उंचावर गेलात तर कमी. मग स्टार्ट करा, गरम होऊ द्या, आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, तो ३०-४० च्या आसपास यायला हवा. एअर फ्लो सेन्सर, म्हणजे आत जाणारी हवा मोजणारा, असेल तर गरम इंजिनच्या आयडलला इंजिन जितक्या लिटरचं, ढोबळ मानानं तितके ग्रॅम प्रति सेकंद किंवा त्याहून थोडी जास्त हवा दिसते. हे आकडे कायदा म्हणून धरू नका, पण दोन लिटरच्या इंजिनला अर्धा ग्रॅम दिसला तर काहीतरी गडबड आहे हे कळायला एवढं बास होतं.

फ्युएल ट्रिम हा प्रकार मात्र नीट शिकून घ्याच. पेट्रोल इंजिनला साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं, वजनानं. ईसीयू हवा मोजतो, त्यावरून इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो आणि मग ऑक्सिजन सेन्सर त्याला सांगतो की अंदाज बरोबर आला का नाही. सेन्सर म्हणाला मिश्रण पातळ आहे तर ईसीयू पेट्रोल वाढवतो, जाड आहे म्हणाला तर कमी करतो, आणि ही वाढ-घट टक्क्यांत दिसते. शॉर्ट टर्म ट्रिम क्षणाक्षणाला हलते, आणि तीच बराच वेळ एका बाजूला राहिली की ईसीयू ती लाँग टर्ममध्ये जमा करतो. दोन्हींची बेरीज करून बघायची. अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर फार काळजी नाही, अधिक २०-२५ च्या पुढं गेली की ईसीयू हात टेकतो आणि पी ०१७१ पडतो.

आता हीच बेरीज दोन ठिकाणी बघा, एकदा आयडलला आणि एकदा रेस करून २५०० आरपीएमला धरून. आयडलला अधिक २२ आणि २५०० ला अधिक ४ असेल तर कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरतेय. का, तर चिरलेल्या होजमधून येणारी हवा तेवढीच असते, आयडलला इंजिन एकूणच कमी हवा घेतं म्हणून तिचा वाटा मोठा दिसतो आणि रेस केल्यावर तोच वाटा किरकोळ होऊन जातो. उलट आयडलला ठीक आणि लोड वाढेल तशी ट्रिम वर वर जात असेल तर पेट्रोल पुरत नाहीये, फ्युएल पंप थकलाय, फिल्टर चोंदलाय, नाहीतर एअर फ्लो सेन्सरवर घाण बसलीय आणि तो खरी हवा कमी सांगतोय. व्ही इंजिनला दोन बँक, म्हणजे सिलिंडरच्या दोन रांगा, असतात, दोन्हीकडं ट्रिम सारखीच वाढली तर कारण दोघांत सामायिक असलेल्या गोष्टीत शोधा, एकीकडंच वाढली तर त्या बाजूला. इतक्या साध्या बघण्यानं शोध अर्ध्यावर येतो, आणि हे करायला मोबाईलवरचं अॅपसुद्धा चालतं. (एअर फ्लो सेन्सर नसलेल्या, फक्त मॅप सेन्सरवर चालणाऱ्या गाड्यांत गळतीची हवा दाबात मोजली जाते, म्हणून तिथं ट्रिम फारशी न वाढता आयडलच वर चढलेलं दिसू शकतं.)

इथं एक चकवा आहे. ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, तो ऑक्सिजन मोजतो. एखादा सिलिंडर मिसिंग करत असेल तर त्यातली हवा न जळता तशीच बाहेर येते, सेन्सरला भरपूर ऑक्सिजन दिसतो आणि तो म्हणतो मिश्रण पातळ आहे, मग ईसीयू उगाच पेट्रोल वाढवत बसतो. सेन्सरच्या अलीकडं एक्झॉस्टला बारीक चीर असेल तरी तेच होतं, बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणून मिसफायर आणि पातळ मिश्रण असे दोन्ही कोड एकत्र आले तर घाई करू नका. पातळ मिश्रणामुळं मिसफायर होतोय का मिसफायरमुळं पातळ दिसतंय, हे आधी ठरवायचं, नाहीतर उलट्या टोकाकडून काम सुरू होतं.

मिसफायरचं ईसीयूला कळतं ते क्रँकशाफ्ट सेन्सरवरून. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला ढकल मिळते, एखाद्यानं दिली नाही की त्या ठिकाणी क्रँक किंचित मंदावतो. पी ०३०० म्हणजे कुठल्याही एकावर बोट ठेवता येत नाही, पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, ०३०२ दुसरा, असं पुढं. एकाच सिलिंडरचा कोड असेल आणि प्रत्येकाला स्वतंत्र कॉइल (प्लगला स्पार्कसाठी करंट देणारी) असेल तर दुसऱ्याच्या कॉइलशी अदलाबदल करा आणि चालवून बघा. मिसफायर कॉइलसोबत दुसऱ्या सिलिंडरला गेला तर कॉइल खराब. तिथंच राहिला तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. यात नवा पार्ट एकही लागत नाही, आणि कोड वाचून थेट चारही कॉइल घेणाऱ्याला मी हेच सांगीन की आधी ही अदलाबदल करा.

पी ०४२० ची गोष्टही अशीच, कदाचित सगळ्यात जास्त पैसे या कोडवर वाया जातात. कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी असा त्याचा अर्थ, आणि लोक थेट कन्व्हर्टर बदलतात, जो महाग असतो कारण त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे धातू असतात. ईसीयू तपासतो काय? कन्व्हर्टरच्या आधीचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये भराभर वरखाली होतो, कन्व्हर्टर चांगला असेल तर नंतरचा सेन्सर संथ राहतो, साधारण ०.६-०.७ च्या आसपास. नंतरचाही पहिल्यासारखाच नाचायला लागला की कोड पडतो. (हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत पुढचा सेन्सर वेगळ्या जातीचा असतो, त्याचे आकडे असे दिसत नाहीत, पण मागच्याचं हेच.) आता एक्झॉस्टला गळती असेल तरी मागचा सेन्सर नाचेल. आणि कन्व्हर्टर खरंच गेला असेल तरी तो आपोआप सहसा जात नाही, इंजिन ऑइल खातंय, बरेच दिवस मिसिंग होतंय किंवा मिश्रण जाड आहे म्हणून जातो. ते कारण तसंच ठेवून नवा बसवला तर तोही जाणार.

एकदम सात-आठ कोड आले की माणूस घाबरतो, पण उलट ती चांगली खूण असते. एवढे सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत, त्यांच्यात सामायिक काय आहे ते शोधा. बऱ्याच गाड्यांत ५ व्होल्टचा एकच सप्लाय चार-पाच सेन्सरना वाटलेला असतो. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचे व्होल्ट पडतात, थ्रॉटल, मॅप, एसी प्रेशर सगळ्यांचे कोड एकत्र येतात आणि कधी गाडी स्टार्टसुद्धा होत नाही. अशा वेळी मल्टिमीटर त्या ५ व्होल्टच्या लाइनवर लावायचा आणि एकेका सेन्सरचा कनेक्टर काढत जायचं, ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत आले तो गुन्हेगार. सगळे काढूनही आले नाहीत तर वायरिंग, आणि ईसीयूचा विचार त्याच्यानंतर.

बॅटरी तर सगळ्यात आधी बघायची गोष्ट. गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७. बऱ्याच नव्या गाड्यांत अल्टरनेटरवरही ईसीयूचं नियंत्रण असतं त्यामुळं आकडा थोडा खालीवर होतो, ते चालतं. पण सेल्फ मारताना व्होल्ट ९.६ च्या खाली जात असतील तर कॉम्प्युटर गोंधळतात आणि वाट्टेल ते कोड टाकतात. टर्मिनलवर पांढरट-हिरवट गंज असेल तर आधी तो साफ करा, कोड उडवा, मग पुन्हा बघा काय उरतं.

स्कॅनर जोडलाच जात नसेल तर? लोक लगेच म्हणतात ईसीयू मेला. आधी त्याच १६ पिनच्या सॉकेटमध्ये मीटर लावा. १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचे १२ व्होल्ट कायम असतात, ४ आणि ५ नंबर ग्राउंड. १६ वर काहीच नसेल तर स्कॅनर पेटणारसुद्धा नाही, आणि कारण बहुधा एखादा उडालेला फ्यूज, तो कित्येक गाड्यांत सिगरेट लायटरच्या सॉकेटचाच असतो. सप्लाय ठीक असेल तर बॅटरी सोडवून ६ आणि १४ नंबरच्या पिनमध्ये ओहम मोजा. ही कॅनची, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी ज्यावरून बोलतात त्या वायरींची जोडी, अमेरिकेत २००८ पासून सगळ्या कारना सक्तीची. तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो म्हणून मिळून ६० दिसायला पाहिजे. १२० दिसले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ दिसले तर दोन वायरी एकमेकींना लागल्यात. सॉकेट आणि बाकीच्या लाइनींच्या मध्ये गेटवे नावाचा वेगळा कॉम्प्युटर असलेल्या गाड्यांत सॉकेटवरचं हे माप पलीकडच्या लाइनबद्दल काही सांगत नाही, तिथं डायग्राम बघूनच मोजावं लागतं.

गाडी सेल्फ घेते पण स्टार्ट होत नाही, आणि स्कॅनर जोडला जातोय, तर सेल्फ मारताना स्क्रीनवर आरपीएम बघा. इंजिन फिरतंय आणि स्क्रीनवर शून्य, तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर हा पहिला संशय. डिझेलमध्ये त्याच वेळी रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरना मिळणाऱ्या इंधनाचा दाब, बघायचं, ईसीयूनं मागितलेलं किती आणि प्रत्यक्षात किती, दोन्हीत मोठी तफावत असेल तर शोध इंधनाच्या लाइनकडं न्यायचा.

आता खुद्द ईसीयू. तो खराब होतो, नाही असं नाही. पाणी शिरतं, आतले कपॅसिटर गळतात, उलटी बॅटरी जोडली जाते, वेल्डिंग करताना बॅटरी सोडवायची राहते, किंवा शॉर्ट झालेली कॉइल किंवा इंजेक्टर जास्त करंट ओढून आतला ड्रायव्हर, म्हणजे ती कॉइल किंवा इंजेक्टर चालवणारं सर्किट, जाळतो. पण तो सगळ्यात शेवटचा संशयित. पी ०६०१ किंवा पी ०६०६ असे थेट त्याचंच नाव घेणारे कोड आले तरी आधी त्याचे सप्लाय आणि ग्राउंड तपासायचे, आणि ते नुसत्या ओहमनं तपासून भागत नाही. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर शून्य ओहम दाखवेल, पण करंट गेला की तीच वायर दगा देते. म्हणून इंजिन चालू, हेडलाइट चालू, मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं ईसीयूच्या ग्राउंड पिनला, आणि व्होल्ट बघायचे. ०.१ च्या आत असेल तर ग्राउंड चांगलं, अर्धा व्होल्ट दिसला तर सेन्सरची रीडिंगं भरकटायला तेवढं पुरेसं आहे. सप्लायच्या वायरींना टेस्ट लॅम्प लावून बघा, पूर्ण उजेड पडला पाहिजे.

हे सगळं बरोबर आहे, सिग्नल आत जातोय, वायरी धड आहेत, आणि तरीही आउटपुट येत नाही, तेव्हा ईसीयूवर बोट ठेवायचं. आणि बदलायच्या आधी तो का जळला ते शोधलंच पाहिजे, शॉर्ट कॉइल तशीच राहिली तर नवा ईसीयूही पहिल्या दिवशी जळू शकतो. शिवाय जुन्या बाजारातून त्याच नंबरचा आणून लावला की झालं असं नसतं, इमोबिलायझरमुळं, म्हणजे चोरी रोखणाऱ्या सिस्टिममुळं, तो किल्लीशी जुळवावा लागतो, बऱ्याच गाड्यांत प्रोग्रामिंग लागतं. कित्येकदा मूळचाच दुरुस्त करून घेणं सोपं जातं कारण त्यात गाडीचा डेटा तसाच राहतो.

स्कॅनर कुठला घ्यावा याबद्दल थोडक्यात. स्वस्त ब्लूटूथवाल्यांत बहुतेक ईएलएम३२७ नावाच्या चिपच्या नकला असतात, कोड, फ्रीझ फ्रेम, ट्रिम बघायला चालतात, पण काहींत अर्ध्या कमांड चालतच नाहीत आणि आकडे इतके हळू बदलतात की क्षणभराचा दोष हुकतो. त्यापेक्षा वरचा घेणार असाल तर एकच गोष्ट बघा, तो ईसीयूला हुकूम देऊ शकतो का. म्हणजे फॅन चालू कर, एक इंजेक्टर बंद कर, पंप फिरव, असं. पंप स्कॅनरच्या हुकमावर फिरला तर रिले, वायर, पंप आणि ईसीयूचं आउटपुट सगळं एका झटक्यात पास होतं. ग्राफ दाखवणारा असेल तर उत्तम, इंजिन चालू ठेवून वायरिंग हलवत राहायचं (फॅन आणि बेल्टपासून हात लांब ठेवून) आणि ग्राफ कुठं झटका मारतो ते बघायचं, अधूनमधून येणारे दोष पकडायचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही. काम झालं की स्कॅनर सॉकेटमधून काढून ठेवा, त्या पिनला कायम करंट असतो, उभी गाडी बॅटरी उतरवून बसते.

दुरुस्ती झाली, कोड उडवला, लाइट बंद. पण एवढ्यावर काम संपलं असं धरू नका, कारण कोड उडवताना ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्याही पुसल्या जातात. स्कॅनरवर रेडिनेस नावाचं पान असतं, तिथं कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, टाकीच्या वाफेची सिस्टिम यांच्यापुढं अपूर्ण असं लिहिलेलं दिसेल. थंड स्टार्ट, थोडा वेळ आयडल, मग एकसारख्या स्पीडला बराच वेळ, मग अॅक्सिलरेटर सोडून गाडी हळू होऊ देणं, असं काही दिवस चालवल्यावर एकेक चाचणी पूर्ण होते. वाफेची चाचणी सगळ्यात हट्टी, टाकी अगदी भरलेली किंवा अगदी रिकामी असेल तर बहुतेक गाड्यांत ती सुरूच होत नाही, म्हणून टाकी अर्धी-पाऊण ठेवा. जुनी गाडी विकत घेतानाही हे पान आधी उघडा, लाइट बंद आहे पण सगळ्या चाचण्या अपूर्ण दिसतायत तर कोड नुकताच कोणीतरी उडवलाय किंवा बॅटरी काढून लावलीय, आणि गाडी काही दिवस चालवून परत स्कॅन केल्याशिवाय व्यवहार करू नका. स्वतःच्या गाडीत मात्र ज्या भागाचा कोड होता त्याची चाचणी पूर्ण झाली, पेंडिंगमध्ये काही नाही आणि दोन्ही ट्रिमची बेरीज आयडलला आणि २५०० ला दहाच्या आत आली, की दुरुस्ती पक्की झाली समजा.